जुनी गाडी घरी सांभाळताना: पहिल्या रविवारपासून पहिल्या पावसाळ्यापर्यंत

आमच्या घरची मारुती ८०० बाबांनी २००४ साली नवी घेतली. आता ती मी चालवतो, रोज पुण्यात आणि शिमग्याला, गणपतीला चिपळूणपर्यंत. या गाडीचं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, तरी रस्त्यावर ती अजून दिसते. ज्यांच्या दारात ती उभी आहे त्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात मात्र एक धास्ती असते, की ही कधी, कुठे दगा देईल काही सांगता येत नाही. हा लेख त्यांच्यासाठी, आणि नुकतीच एखादी जुनी गाडी विकत घेतलेल्यांसाठी आहे. उदाहरणं ८०० ची आहेत, कारण तिचे नट-बोल्ट माझ्या हाताखालून गेले आहेत. पण झेन, सँट्रो, वॅगन आर, जुनी अल्टो, कुठलीही पेट्रोल गाडी असली तरी यातलं बहुतेक सगळं तिला लागू पडेल.

माझा अनुभव असा आहे की जुनी गाडी सहसा एकाएकी बंद पडत नाही. ती आधी कित्येक आठवडे सांगत असते. सकाळी सेल्फ जरा जड फिरतो, सिग्नलला तापमानाचा काटा एक रेघ वर जातो, ब्रेकचा पेडल पूर्वीपेक्षा थोडा खाली जातो. आपलं तिकडे लक्ष नसतं एवढंच. म्हणून घरी गाडी सांभाळायची तर आधी बघायला शिकायचं, पाना त्यानंतर.

पहिला रविवार: एक वही आणि एक पुठ्ठा

पहिल्या दिवशी काहीही उघडू नका. एक शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर गाडीचा क्रमांक, किलोमीटर, बॅटरी कधी बसवली, टायर कधीचे, शेवटचं ऑइल कधी बदललं, हे सगळं लिहा. आठवत नसेल तर तसंच लिहा. मग गाडीबरोबर आलेली पुस्तिका शोधा. ग्लोव्ह बॉक्समध्ये नसेल तर जुन्या कागदांच्या पिशवीत सापडते. ऑइलचा ग्रेड, हवेचा दाब, प्लगमधलं अंतर, फ्यूजची जागा, हे सगळं तिच्यात असतं, आणि माझ्यासह कोणाच्याही सल्ल्यापेक्षा त्या पुस्तिकेवर जास्त विश्वास ठेवा.

रात्री गाडी लावल्यावर इंजिनाखाली एक मोठा पुठ्ठा सरकवून ठेवा. फ्रिजच्या किंवा टीव्हीच्या खोक्याचा मिळाला तर उत्तम. सकाळी तो बाहेर काढून उजेडात बघा. नुसतं स्वच्छ पाणी असेल आणि आदल्या रात्री एसी चालवला असेल तर काळजी नको. हिरवा किंवा गुलाबी, बोटाला बुळबुळीत आणि गोडसर वासाचा डाग म्हणजे कूलंट, इंजिन गार ठेवणारं द्रव. काळा किंवा तपकिरी दाट थेंब म्हणजे इंजिन किंवा गिअरचं ऑइल. चाकाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळसर, पातळ, तेलकट डाग दिसला तर तो ब्रेक फ्लुइड असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी गाडी हलवू नका, मेस्त्रींना घरी बोलवा. कुठे किती डाग पडले ते तारखेसह वहीत लिहा.

हत्यारं मोजकी आणि चांगली

सुरुवातीला दोन-तीन हजारांचा खोका घेण्याची गरज नाही. मारुतीचं बरंचसं काम १०, १२, १४ आणि १७ च्या पान्यांवर होतं. रिंग (बोल्टला चहूबाजूंनी धरणारे) आणि फिक्स (उघड्या तोंडाचे) असे दोन्ही प्रकार घ्या, शिवाय एक छोटा गोटी (सॉकेट) सेट, प्लग पाना, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर आणि कपाळाला लावायचा टॉर्च. हवेचा दाब बघायचा गेज आणि व्होल्ट मोजायचा डिजिटल मल्टिमीटर या दोन गोष्टींवर मात्र कंजुषी करू नका. मल्टिमीटर पाचशे रुपयांच्या आत येतो आणि गाडीच्या अर्ध्या शंका तोच सोडवतो. बोल्ट आधी रिंग पान्याने सोडवायची सवय लावा. फिक्स पाना सटकतो, बोल्टची टोकं गोल होतात आणि मग तो बोल्ट कोणाच्याच हाती लागत नाही.

जॅकबद्दल मी कडक आहे. गाडीबरोबर येणारा जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकंच काय, हातही घालायचा नाही. जागा सपाट हवी, हँडब्रेक ओढलेला हवा, पहिला गिअर टाकलेला हवा, आणि तिरप्या कोपऱ्यातल्या चाकाला पुढून-मागून दगड किंवा वीट लावलेली हवी. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा, मग उचला. खाली वाकून काम करायचं असेल तर जॅक स्टँडची जोडी घ्या, ती पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावा आणि गाडी दोन्ही हातांनी हलवून बघा. हलली तर उतरवून पुन्हा लावा. विटांच्या थप्पीवर गाडी ठेवणारे मी पाहिले आहेत. वीट आधी कुरकुरतही नाही, थेट फुटते.

इंजिन ऑइल: आठवड्याला दोन मिनिटं

गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटं झालेली. डिपस्टिक ओढा, फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. ऑइलची रेघ दोन खुणांच्या मध्ये हवी. खालच्या खुणेजवळ असेल तर थोडं थोडं ओतत पुन्हा बघा. वरच्या खुणेच्या पुढे कधीच नको, कारण जास्त ऑइलही सीलला मारक असतं.

पातळीइतकंच त्याचं रूपही बघा. काळं झालं म्हणजे खराब झालं असं नाही, ऑइलचं कामच मळ धरून ठेवण्याचं आहे. पण बोटावर घेतल्यावर कचकच लागली, पेट्रोलचा वास आला, किंवा ते दुधाळ चहासारखं दिसलं तर थांबा. दुधाळ ऑइल म्हणजे त्यात कूलंट मिसळतंय, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांमधली सील, गेलं असण्याची शक्यता आहे. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या.

ऑइल घरी बदलायचं ठरवलंत तर इंजिन कोमट असताना बदला, उकळतं नको. खाली पसरट घमेलं, ड्रेन बोल्टला नवा वॉशर. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लावा, तो हाताने फिरवत नेऊन रबर टेकलं की आणखी पाऊण फेरा, बस्स. पाना लावून आवळाल तर पुढच्या वेळी तो निघणार नाही. ८०० मध्ये तीन लिटरच्या आसपास ऑइल मावतं, पण डबा एकदम रिकामा करू नका. अडीच ओता, एक मिनिट इंजिन चालवा, बंद करा, थांबा, डिपस्टिक बघून उरलेलं भरा. निघालेलं काळं ऑइल गटारात किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नका. ते जमिनीत आणि पाण्यात मुरतं. कॅनमध्ये भरून ओळखीच्या गॅरेजला द्या, त्यांच्याकडून ते जुनं ऑइल गोळा करणाऱ्यांकडे जातं.

कूलंट: इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या

जुन्या गाडीचं आयुष्य कशाने संपतं असं मला कोणी विचारलं तर मी आधी उष्णतेचं नाव घेईन. कुंभार्ली घाटात मी हे शिकलो. मे महिना, दुपारची वेळ, पोफळी सोडून चढ लागला होता, गाडीत चार माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या. काटा अर्ध्यावरून वर सरकायला लागला तेव्हा मी "घाट आहे, होणारच" म्हणून दोन वळणं तशीच काढली. तिसऱ्या वळणावर बोनटच्या फटीतून वाफ आली. नंतर रेडिएटर, म्हणजे कूलंट गार करणारी पुढची जाळी, उघडून पाहिला तर आत गंजाचा लाल गाळ. आधीच्या दोन सर्व्हिसिंगला त्यात कूलंटऐवजी नुसतं नळाचं पाणी भरलं गेलं होतं आणि मी कधी झाकण उघडून बघितलं नव्हतं.

रेडिएटरचं काम प्रेशर कुकरसारखं चालतं. झाकण दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी १०० अंशांच्या पुढे गेलं तरी उकळत नाही. गरम असताना झाकण उघडलंत तर दाब एकदम सुटतो आणि सगळं तोंडावर येतं. त्यामुळे नियम एकच: इंजिन पूर्ण गार, हात ठेवता येईल इतकं, तेव्हाच झाकण. झाकणाचं रबर चिरलेलं किंवा स्प्रिंग ढिली असेल तर झाकण बदला. वस्तू स्वस्त आहे, पण ती गेली की दाब धरला जात नाही.

दर आठवड्याला बाजूच्या प्लास्टिकच्या टाकीतली पातळी बघा आणि महिन्यातून एकदा गार इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडून आत काठोकाठ आहे ना ते बघा. टाकी भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असंही होतं. दाट कूलंट असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं मिसळा. डब्यावर तयार मिश्रण लिहिलेलं असेल तर पाणी घालू नका. हिरवं आणि गुलाबी एकमेकांत मिसळू नका. आणि सांडलं तर लगेच धुऊन काढा, उघडं भांडं ठेवू नका. कूलंटला गोडसर चव असते, कुत्री-मांजरं चाटतात आणि ते त्यांच्यासाठी जीवघेणं विष आहे.

गाडी तापते कुठे, यावरून रोग ओळखता येतो. सिग्नलला उभी असताना तापते आणि हायवेला गार राहते, तर रेडिएटरचा पंखा फिरत नाहीये. आधी फ्यूज, मग रिले (पंख्याला वीज देणारा स्विच), मग पंख्याची मोटर आणि तापमानाचा स्विच अशा क्रमाने बघा. उलट हायवेला किंवा चढावर तापते, तर कूलंट कमी आहे, रेडिएटर चोंदलाय, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारी झडप) अडकलाय किंवा वॉटर पंप थकलाय. वाटेत काटा चढला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात. अंगाला घाम फुटेल, पण इंजिनाची उष्णता तेवढी बाहेर येते. बाजूला थांबायला जागा दिसली की इंजिन बंद, आणि पाऊण तास तरी शांत बसा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

थर्मोस्टॅटबद्दल एक मत ठामपणे मांडतो. "आपल्याकडे गरज नाही" म्हणून तो काढून टाकण्याची पद्धत बऱ्याच गॅरेजमध्ये आहे. मला ती पटत नाही. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन योग्य तापमानाला यायला फार वेळ घेतं, एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीचा कंप्युटर इंजिन अजून गारच आहे असं समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो, मायलेज पडतं आणि इंजिन लवकर झिजतं. खराब झाला तर नवा बसवून घ्या.

बॅटरी आणि सेल्फ

सकाळी गाडी चालू झाली नाही की नवखा माणूस घाबरतो आणि किल्ली फिरवत राहतो. तसं करू नका, कान द्या. कट-कट-कट असा भराभर आवाज आणि डॅशबोर्डचे दिवे मंद, तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल सैल आहे. एकच ठोक्यासारखा आवाज आणि दिवे लख्ख, तर सेल्फ मोटर किंवा तिचा विजेवर चालणारा स्विच, सोलेनॉइड. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, तर पेट्रोल किंवा स्पार्क पोचत नाहीये. एमपीएफआय गाडीत किल्ली ऑन केल्यावर मागून पेट्रोल पंपाची दोन सेकंदांची घरघर ऐकू येते. ती ओळखून ठेवा, म्हणजे ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी कळेल.

आता मल्टिमीटर. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर ती पूर्ण भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. इंजिन चालू करून पुन्हा मोजा, १३.८ ते १४.४ यायला हवं. तेवढं येत नसेल तर बॅटरी नवी घेऊन उपयोग नाही, डायनमो चार्जिंग करत नाहीये किंवा त्याचा बेल्ट घसरतोय. नवी बॅटरी घालूनही दोन दिवसांत पुन्हा गाडी धक्क्यावर आलेली माणसं मी पाहिली आहेत. हा एक आकडा पाहिला असता तर त्यांचे पैसे वाचले असते.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साचते. ती साफ करणं हे नवख्यासाठी उत्तम पहिलं काम. बोटातली अंगठी, मनगटातलं घड्याळ काढून ठेवा, जवळपास सिगारेट किंवा ज्योत नको. १० चा पाना घ्या आणि आधी उणे, म्हणजे काळी तार सोडा, मग अधिक. क्रम महत्त्वाचा आहे: अधिकची तार आधी सोडताना पाना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला तर ठिणगी उडते. कपभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा. सोडा फसफसतो आणि पूड सुटून येते. ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. कोरडं पुसा, आधी अधिक जोडा, मग उणे, आणि वरून व्हॅसलिनचा पातळ थर. टर्मिनल हाताने फिरवून बघा, जराही हलता कामा नये.

दुसऱ्या गाडीवरून जंप स्टार्ट करायचं असेल तर लाल तार आधी उतरलेल्या बॅटरीच्या अधिकला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिकला. काळी चांगल्या बॅटरीच्या उण्याला, आणि तिचं दुसरं टोक आपल्या गाडीच्या इंजिनावर उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. गाडी रोज वापरात नसेल तर आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवून आणा. जागेवर पाच मिनिटं चालू ठेवल्याने बॅटरी भरत नाही.

मिसिंग मारते, पिकअप नाही

आधी एअर फिल्टर. क्लिपा उघडायच्या, फिल्टर काढून उजेडासमोर धरायचा. पलीकडचा उजेड दिसत नसेल तर नवा घालायचा. मग प्लग. ८०० ला तीन सिलिंडर, म्हणून तीन प्लग. इंजिन गार असताना एका वेळी एकच काढा, म्हणजे तारांची अदलाबदल होत नाही. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा फिल्टर चोंदलेला. ओलसर तेलकट काळं म्हणजे पिस्टनच्या रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल वर येतंय. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. प्लग परत बसवताना पहिले काही आटे बोटांनीच फिरवा. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, वाकडा आटा बसला तर खर्च हजारांत जातो. सायलेन्सरचा धूरही बघा. निळसर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त, आणि इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा, गोडसर वासाचा येत राहिला तर पुन्हा कूलंटकडे वळा.

ब्रेक: बघा सगळं, उघडू नका काही

ब्रेक फ्लुइडच्या डबीतली पातळी दर महिन्याला बघा. रंग फिकट मधासारखा हवा. काळपट झाला असेल तर बदलून घ्या, आणि रंग चांगला असला तरी दोन वर्षांत एकदा बदला. हे फ्लुइड हवेतली ओल शोषतं, आणि ओल शिरलेलं फ्लुइड घाटात तापल्यावर उकळतं, मग पेडल पोकळ लागतो. झाकणावर जो डॉट क्रमांक लिहिला असेल तोच वापरा. पातळी हळूहळू खाली जात असेल तर पॅड झिजताहेत, एकदम गेली तर गळती आहे. रंगावर एक थेंब जरी पडला तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलला जातो.

पॅड बदलणं, ब्रेकची हवा काढणं, टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा पट्टा), शॉकअपची स्प्रिंग आणि पेट्रोलची लाइन, ही कामं पहिल्या वर्षात घरी करू नका. टायमिंग बेल्ट रबराचा असतो, किलोमीटर कमी झाले तरी वयाने कडक होतो. जुनी गाडी घेतली आणि तो कधी बदलला हे वहीत लिहिता आलं नाही, तर गॅरेजचं पहिलं काम तेच.

टायर

महिन्यातून दोनदा, गाडी गार असताना हवा बघा, स्टेपनीसकट. खोबणीतली उंचवटेवजा खूण रबराच्या बरोबरीला आली म्हणजे खोली १.६ मिमीवर आली, टायर संपला. बाजूच्या भिंतीवरचे चार आकडे टायरचा जन्म सांगतात: २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी भिंतीवर बारीक भेगा पडलेला टायर समृद्धी किंवा द्रुतगती महामार्गावर नेऊ नका.

पावसाळ्याआधीचा रविवार

मे अखेरीला एक पूर्ण सकाळ यासाठी ठेवा. बोनट उघडून काचेखालच्या जाळीत बघा. आमची गाडी गुलमोहराखाली उभी असते. तिथून मी दर वर्षी ओंजळभर कुजलेली पानं काढतो. ती पाण्याची वाट अडवतात, पाणी आत वळतं आणि महिन्याभराने कार्पेटला कुबट वास येतो. दरवाजांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, ती काडीने मोकळी करा. मग चारही कार्पेट उचलून खालचा पत्रा बघा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोका. टणक आवाज आला तर चांगलं. बद्द आवाज येऊन पपडी सुटली तर गंज आरपार गेलाय, तिथे वेल्डिंगवाल्याशिवाय इलाज नाही. नुसता वरवरचा गंज असेल तर कोरड्या हवेत पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, थिनरने पुसा, रेड ऑक्साइड प्रायमर, मग रंग. गंजावरच रंग मारलात तर तो आतून खात राहतो. कोकणात, गोव्यात समुद्राजवळ राहणाऱ्यांनी हे वर्षातून दोनदा करावं आणि गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवावं.

पावसात उंदीर बोनटमध्ये आसऱ्याला येतात आणि वायरी कुरतडतात. लेंड्या, सुकं गवत, चावलेलं रबर दिसतंय का ते दर आठवड्याला बघा. तंबाखूची पानं, डांबराच्या गोळ्या लोक ठेवतात, थोडा फरक पडतो. खरा फरक गाडी रोज हलवण्याने आणि जवळ कचराकुंडी नसण्याने पडतो. आणि पावसाळ्यात गाडी दोन-चार दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. मागचे ब्रेक शू ड्रमला चिकटतात. सपाट जागी गिअरमध्ये टाका आणि चाकाला वीट लावा.

आताच्या पेट्रोलविषयी

पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या गाड्या बनल्या तेव्हा त्यांचे रबरी पाइप आणि सील या मिश्रणाचा विचार करून बनवलेले नव्हते. म्हणून गाडी विकून टाकायची गरज नाही, पण पेट्रोलचे रबरी पाइप दर सर्व्हिसिंगला दाबून बघायला सांगा. फुगलेला, चिकट किंवा भेगाळलेला पाइप लगेच बदला, आणि नवा पाइप इथेनॉलला चालणाराच मागा. इथेनॉल ओल शोषतं, त्यामुळे टाकीत तळाशी पेट्रोल ठेवून गाडी महिनोन्‌महिने उभी करू नका. बोनट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर किल्ली लावू नका.

कागद

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे आरटीओत तपासणी होऊन ती ५-५ वर्षांनी वाढते, आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं, २० वर्षांपुढच्या गाड्यांना त्याहून जास्त आहे. परिवहनच्या पोर्टलवर आजचा दर बघूनच निघा. मुदत संपायच्या दोन महिने आधी कामाला लागा, आणि तपासणीआधी सगळे दिवे, हॉर्न, वायपर, हँडब्रेक स्वतः तपासा. भारत स्टेज ४ या प्रदूषण-मानकाच्या आधीच्या गाड्यांना पीयूसी दर ६ महिन्यांनी लागतं.

पार्ट आणि मेस्त्री

८०० चे पार्ट अजून मिळतात, कारण ओम्नीचं इंजिन याच जातकुळीचं आणि ती २०१९ पर्यंत बनत होती. पुण्यात मी नाना पेठेत जातो. जुना पार्ट धुऊन, कागदात गुंडाळून सोबत न्या आणि दुकानात शेजारी-शेजारी ठेवून बघा. ब्रेक, बेल्ट आणि फिल्टर कंपनीचेच किंवा नावाजलेल्या बनावटीचे, पक्क्या बिलावर घ्या.

घरी शिकायला लागलात म्हणून मेस्त्रींशी नातं तोडू नका. त्यांना रोग सांगू नका, लक्षण सांगा. "पंप गेलाय" असं नाही, तर "सकाळी पहिल्या दहा मिनिटांत, डावीकडे वळताना आवाज येतो" असं. बदललेला जुना पार्ट परत मागा आणि तो का गेला ते विचारा.

दोन वर्षांपूर्वी माझ्या टाकीतलं कूलंट दर रविवारी बोटभर कमी व्हायचं, पण पुठ्ठ्यावर एकही डाग नाही. तीन रविवारच्या नोंदी घेऊन मी गेलो. मेस्त्रींनी वही उलटसुलट वाचली आणि विचारलं, "खाली थेंब नाही, वर वास येतो का?" येत होता, घाटातून आल्यावर. त्यांनी इंजिनाच्या मागे हात घालून हीटरच्या होजची क्लिप चाचपली. ती सैल होती, आणि खाली गरम इंजिनावर वाळलेल्या गुलाबी थेंबांचा एक ओघळ होता. थेंब जमिनीपर्यंत पोचतच नव्हता. क्लिप बदलली, होज टोकाला दोन सेंटीमीटर कापून पुन्हा बसवला. त्यापुढच्या चार रविवारांपुढे वहीत एवढंच लिहिलंय: पातळी तीच.